सगळ्या फुल्या एका दिशेने

आमच्या घरमालकीणबाईंच्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं. काळ्या दोरीचं, जुनं, जवळ बसलं तर टिकटिक ऐकू येणारं. एरवी ते स्वेटरच्या आत असायचं, आणि त्या भरतकामाला बसल्या की बाहेर यायचं. केंब्रिज, म्हणजे विद्यापीठाचं नव्हे, इकडचं कारखान्यांचं, ते सोडून एडमंटनला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली, तरी कुणी माझ्यासमोर 'यानं वेळ वाचतो' असं म्हटलं की माझ्या डोक्यात सणक जाते. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. इतका राग असूनही मला त्यांचा उल्लेख एकेरीत करता येत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

काकू पासष्टीच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या वर एकट्या राहायच्या आणि खालच्या बेसमेंटमध्ये आम्ही दोघं भाड्याने. माझा नवरा गाड्यांच्या सीटचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, आठवडाआड दुपारची शिफ्ट. मी अकोल्याहून नुकती आलेली, हातात डिग्री आणि दिवसभर काही काम नाही. काकूंनी अशाच एका कारखान्यात टाइम स्टडी खात्यात नोकरी केली होती. म्हणजे कामगाराच्या पाठीमागे उभं राहायचं, एक बोल्ट आवळायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यातले किती वाया गेले ते त्याच्या साहेबाला सांगायचं. हे काम वीसेक वर्षं केलेल्या माणसाशी कोण बोलणार? काकूच मोठ्या चवीने सांगायच्या की लंचरूममध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसायचं नाही, त्यामुळे त्यांचं जेवण फार लवकर व्हायचं.

रिटायर झाल्यावर मोजायला कारखाना उरला नाही, म्हणून आमची पाळी आली. मी पोळ्या करताना त्या जिन्यात उभ्या राहून बघायच्या. पोळपाट डावीकडे, पिठाचा डबा उजवीकडे, म्हणजे प्रत्येक पोळीला माझा हात अंगावरून आडवा जातो, असा त्यांनी एकदा निकाल दिला. मी डबा हलवला नाही. दुसऱ्या दिवशी तो हललेला होता. नवरा ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने काढायला गेला की वरच्या खिडकीतून हाताने खुणा, आधी मधली पट्टी, मग दोन्ही बाजूंना. ग्रोसरीची यादी त्या दुकानातल्या रांगांच्या क्रमाने लिहायच्या आणि माझ्या यादीत कोथिंबिरीनंतर दूध आणि दुधानंतर पुन्हा टोमॅटो दिसले की चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. त्यांना विनोद कळत नव्हता असं नाही. पण तो लांबला की त्यांचं लक्ष उडायचं.

बरं, बाई वाईट म्हणावी तर तसंही नाही. मला दिवस गेले तेव्हा डॉक्टरच्या प्रत्येक अपॉइंटमेंटला त्यांनीच मला गाडीतून नेलं. डावीकडे वळताना थांबावं लागतं म्हणून सगळी उजवी वळणं घेत, पण नेलं. रव्याचे लाडू करून आणले, सगळे तोलून एका मापाचे. त्या जर सरळ दुष्ट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

आता फुल्यांबद्दल. फुली टाका, ज्याला त्या क्रॉस स्टिच म्हणायच्या, तो काकूंचा कारखाना होता. पुढच्या खोलीत खिडकीशी लाकडी स्टँड, त्यावर ताणून बसवलेलं कापड, डाव्या खांद्यामागे दिवा. कापड स्टँडवर कशाला, तर एक हात वर आणि एक हात खाली ठेवता येतो, सुई एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि कुठलाच हात रिकामा बसत नाही. सुरुवात करण्याआधी त्या दहा-बारा सुया ओवून स्पंजात टोचून ठेवायच्या, रंगाप्रमाणे, म्हणजे मध्येच दोरा ओवायला थांबायला नको. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून इंचभर जास्त नाही, नाहीतर पीळ पडतो. नक्षीच्या कागदावर जेवढी घरं भरून झाली तेवढी पिवळ्या पेनाने रंगवायची, म्हणजे पुन्हा मोजणं नको. कापडाच्या चार घड्या घालून मधोमधून सुरुवात. एका ओळीतल्या सगळ्या अर्ध्या फुल्या जाताना घालायच्या आणि येताना त्या पुऱ्या करायच्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, फुलीचा वरचा टाका संपूर्ण कापडावर एकाच दिशेला पडला पाहिजे. एक जरी उलटा पडला तर दोऱ्याची चमक बदलते आणि उजेडात धरलं की तेवढाच ठिपका निराळा दिसतो.

हे सगळं बरोबर आहे. मी स्वतः आज असंच करते, आणि ज्या कुणाला शिकवते तिला हेच सांगते. काकूंनी सांगितलं होतं हे मात्र सांगत नाही.

भरून झालेली कापडं त्या फ्रेम करायच्या नाहीत. कपाटात घडी घालून एकावर एक. धबधबे, मोर, बर्फातली घरं, मेपलची पानं. कुणाला देत नाही का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "झालं की संपलं. आता त्यात काय बघायचंय?" माणसाला कळायला हवं होतं, तिथेच.

पण मला गरज होती. आईने अकोल्याहून कुणाबरोबर तरी एक दुपटं पाठवलं होतं. पांढरी मॅटी, चार कोपऱ्यांत चार राघू आणि कडेने हिरव्या पानांची वेल, सगळं फुल्यांत. आईला संधिवात. त्या वर्षी तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती, भाजी चिरायलासुद्धा शेजारची मुलगी लागायची. तरी तिने हे माझ्या बाळासाठी काढलं होतं. तीन राघू आणि अर्धी वेल झाली आणि मग तिला सुई धरवेना. फोनवर म्हणाली, "उरलेलं तू कर. व्हिसा आला की मी येतोच, बारशाला खालून माझ्या लुगड्याचं अस्तर लावू." आईच्या हातचं शेवटचं भरतकाम ते. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, पण तसं म्हणालो मात्र नाही.

मला फुल्या येत नव्हत्या, म्हणून मी ते घेऊन वर गेले. काकूंनी पुढची बाजू पाहिलीच नाही, कापड हातात येताच उलटं केलं. मागे आईच्या गाठी होत्या, एका राघूपासून दुसऱ्या पानापर्यंत नेलेले लांब दोरे होते. त्यांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. मग सुलटं करून खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. फुल्या काही या बाजूला, काही त्या बाजूला. एका राघूचं पोट चमकत होतं आणि शेपटी मळकी दिसत होती. त्या म्हणाल्या की हे जुळणारच नाही, सगळं उसवून नव्याने केलं तर काही आठवड्यांचं काम आहे. मी म्हणाले, "नको. आईचं आहे तसं राहू दे. मी फक्त उरलेलं करणार." त्यांनी हुंकार दिला. तो होकार आहे असं मी धरून चालले.

रोज दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून चौथा राघू भरायची. माझं पोट मध्ये यायचं, तर त्यांनी माझ्यासाठी स्टँडची उंची बदलून दिली. त्या घड्याळ लावायच्या आणि अधूनमधून माझा आकडा सांगायच्या. मी हळू होते. एकदा मी दोरा संपल्यावर गाठ मारली, तर त्यांनी न बोलता कात्री घेतली आणि ती कापली. मी तेव्हा हसले. घरी फोन करून आईला सांगितलं, तर तीही खूप हसली. म्हणाली, "माझ्या गाठी पाहून त्या बाईचं काय झालं असेल बाप्पा."

राघूची चोच व्हायची होती आणि मुलगी सात आठवडे आधी आली. तिला ठेवलं हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत. मी पाच आठवडे तिथेच, पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या पाठीवर ठेवून बसायची. दुपटं वर काकूंच्या स्टँडवर राहिलं, त्याची मला आठवणही नव्हती.

मुलीला घेऊन घरी आलो त्या दिवशी काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलीचं वजन विचारलं, चांगलं आहे म्हणाल्या, आणि मग हातातलं दुपटं उलगडून माझ्यापुढे धरलं. चार राघू, पूर्ण वेल, इस्त्री केलेलं. इतकं सुरेख होतं की क्षणभर मला नुसता आनंद झाला. मग मी ते उजेडात तिरपं धरलं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. चारही राघू सारखे चमकत होते. मागे एकही गाठ नव्हती.

"आईच्या फुल्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"उसवल्या. दोन हात दिसत होते. आता एकच दिसतो."

"मी नको म्हटलं होतं, काकू."

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. त्या म्हणाल्या, "तू तुझ्याकडे वेळ नाही म्हणून नको म्हणालीस. मला वेळ होता."

मी आजवर अनेक माणसांशी भांडले आहे. आळशी माणसांशी, खोटारड्या माणसांशी, एकदा तर विमानतळावरच्या एका अख्ख्या रांगेशी. पण या वाक्यात भांडायला जागाच नव्हती. या बाईला माझ्या 'नको'चं दुसरं कारणच सुचलं नव्हतं. त्यांच्या लेखी जगात एकच अडचण होती, वेळ, आणि ती त्यांनी माझ्यावतीने दूर केली होती. पाच आठवडे मान मोडून. मुलगी रडायला लागली, मी तिला घेऊन खाली गेले आणि जिन्याचं दार इतक्या जोरात आपटलं की मुलगी आणखी रडली.

नवरा म्हणाला, त्यांनी चांगल्या मनानेच केलं असेल. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. चांगल्या मनाचं काय करू मी? आईला साधं भांडं उचलवत नाही, पुन्हा ती सुई धरणार नाही. ते तीन राघू म्हणजे तिचं उरलेलं सगळं होतं, आणि ते कात्रीने कापून, चिमट्याने ओढून, बहुधा मिनिटांचा हिशेब ठेवून काढून टाकलेलं.

आई आली ती बारशाच्या चार दिवस आधी. मी तिला फोनवर काही सांगितलं नव्हतं, मनात म्हटलं तिला कदाचित कळणारही नाही. तिने दुपटं मांडीवर घेतलं, राघूवरून वाकड्या बोटांची पाठ फिरवली आणि म्हणाली, "मस्त झालं. कोणी केलं?" तिला एका क्षणात कळलं होतं. काकू समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मी. आणि माझ्या आईने त्यांचे आभार मानले. किती त्रास घेतला जी ताई तुम्ही, म्हणाली. मला दोघींचा राग आला. काकूंचा आला त्याहून त्या मिनिटाला आईचाच जास्त आला.

म्हणून बारशाच्या दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं. आठ-दहा बायका आल्या होत्या, किचनर-वॉटर्लूच्या मराठी घरांतल्या. एकीने दुपटं हातात घेतलं, अस्तर लावायचं राहिलंच होतं म्हणून मागची बाजू पाहिली आणि कुणी केलं म्हणून विचारलं. काकूंनी मान वर केली. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्या आईने." त्यांचे पाच आठवडे मी चार शब्दही न खर्चता दुसऱ्याच्या नावावर करून टाकले होते, आणि मला फार बरं वाटलं. ते सुख कितीसं टिकावं? आई पाळण्याशेजारून म्हणाली, "नाही नाही, माझं नाही जी ते. या ताईंचं. माझ्या फुल्या तर अर्ध्या उलट्या होत्या."

बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी आईला विचारलं की तुम्ही दिशा का बदलत होता. कारखान्यात कामगाराला विचारायच्या तसंच विचारलं असणार, सरळ, माहिती हवी म्हणून.

आई म्हणाली, "उजवा हात सुजला की डाव्या हातानं करायची मी. डाव्यानं केली की फुली आपसूक तिकडून पडते. माझं काय, जो हात चालला त्या हातानं."

हे मलाही माहीत नव्हतं. राघूचं पोट उजव्या हाताचं आणि मळकी शेपटी डाव्या हाताची. कोणत्या दिवशी तिचा कोणता हात दुखत होता ते सगळं त्या कापडावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायच्या आधीच पुसून झालं होतं. आईने हे भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं आणि पुढे पाळण्याच्या दोरीला हात घातला. बायका पाळणा म्हणू लागल्या. काकू भिंतीशी उभ्या होत्या, पाळणा म्हणत नव्हत्या.

इथे गोष्ट संपली असती तर मी कदाचित त्यांना माफ केलं असतं. तीन दिवसांनी मी वर गेले तर दोघी खिडकीशी बसलेल्या. दुपटं पुन्हा स्टँडवर. काकूंच्या गुडघ्यावर राघूच्या नक्षीचा कागद, आणि त्या आईला एकेक भाग विचारत होत्या, इथे कोणता हात होता, इथे कोणता. आई बिचारी आठवून, अंदाजाने, त्यांचं मन राखायला काहीबाही सांगत होती. बस करा न ताई, असंही म्हणत होती. जिथे आई डावा म्हणाली तिथे काकूंनी पिवळ्या पेनाने कागद रंगवला होता. आणि दोन राघूंच्या शेपट्या उसवून, उलट्या दिशेने पुन्हा भरूनही झाल्या होत्या. उलट्या, पण एकसारख्या. एकही फुली हललेली नाही, एकही टाका ढिला नाही. माझ्या आईच्या दुखण्याची अशी सुबक नक्कल.

मी विचारलं, हे काय चाललंय.

"दुरुस्त करतेय," काकू म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला बारीक वाटला. "चूक माझी होती. आज-उद्यात होईल."

मी स्टँडचे स्क्रू सैल करून दुपटं काढून घेतलं. सुई अजून त्यातच लटकत होती. मी म्हणाले, "हे तुम्हाला जमणार नाही, काकू. तुमचे दोन्ही हात धड आहेत."

आई मला ओरडली. पाहुण्यासारखं आलेलं असून, परक्या बाईसमोर, लेकीला ओरडली. काकूंनी स्पंजातल्या सुया एकेक करून काढल्या, दोरे सोडवले, गुंडाळले. सगळं सावकाश. मी इतकं सावकाश काही करताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची दया येत होती म्हणून मी आणखीनच भडकले.

उन्हाळ्यात आम्ही ते घर सोडलं. तेव्हापासून मुलीच्या वाढदिवसाला काकूंचा दरवर्षी फोन येतो. उंची विचारतात, वजन विचारतात, आई कशी आहे विचारतात. मी फोन नवऱ्याच्या हातात देते. आईला विचारलं तर ती अजून म्हणते की तू उगाच बोललीस, त्या बाईसारखं माझ्यासाठी कोणी इतकं बसलं नाही. असेल. आईचं ती बघेल, माझं मी.

मुलगी आता सात वर्षांची आहे. मागच्या हिवाळ्यात तिने ट्रंकेतून दुपटं काढलं आणि खिडकीत नेलं. एडमंटनला दुपारी ऊन तिरपं आत येतं. तिला ते लगेच दिसलं, की दोन राघूंच्या शेपट्या वेगळ्या चमकतात. मुलांना अशा गोष्टी दिसतात. तिने बोट ठेवून विचारलं, "आई, विच वन्स डिड आजी डू? दीज?"

"नाही," मी म्हणाले.

"देन दीज?"

"तेही नाही. एकही नाही."

मग ती म्हणाली, "बट यू ऑलवेज कॉल इट आजीचं दुपटं."

"हो," मी म्हणाले. "आजीचंच आहे. त्यात आजीचा एकही टाका नाही."